गेमिंग पीसी मधेच गोठतो तेव्हा: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी मशीन सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. रायझन ७००० मालिकेतला सहा कोअरचा प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५-६००० सीएल३० रॅमची १६ जीबीची जोडी, २२० वॉटचं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॉटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि समोरून काच असलेली कॅबिनेट. आठ महिन्यांपैकी पहिले तीन महिने या मशीनने छळलं, नंतरचे पाच महिने एकदाही अडकलं नाही. मधल्या काळात एकही पार्ट बदललेला नाही. बदलली ती बायोसमधली (मदरबोर्डच्या आतल्या मूळ प्रोग्रॅममधली) एक सेटिंग, हवेची वाट आणि यूपीएस.

पीसी हँग होतो, एवढं सांगून काही कळत नाही. तो कसा मरतो ते नीट पाहावं लागतं. चित्र गोठलं, आवाज घर्रर्र करत एकाच सुरावर अडकला आणि कॅप्स लॉक दाबूनही कीबोर्डचा दिवा बदलेना, तर अख्खं मशीन थांबलंय. संशय रॅम, प्रोसेसर किंवा पीसीआय-एक्सप्रेसवर (कार्ड बसतं त्या जोडणीवर) घ्यायचा. स्क्रीन काळी झाली पण मित्राचा आवाज हेडफोनमध्ये येतोच आहे, तर ग्राफिक्स ड्रायव्हर पडलाय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की बऱ्याचदा चित्र परत येतं. फटकन सगळं बंद झालं, पंखेसुद्धा थांबले, तर वीज. आणि गेम काही न बोलता डेस्कटॉपवर आला, बाकी सगळं ठणठणीत, तर गेम किंवा ड्रायव्हर असू शकतो. पण तीन वेगवेगळे गेम असंच करत असतील तर पुन्हा रॅम.

या मशीनला पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आजार होते, तेही गेम सुरू करून ४० ते ५० मिनिटांनी (फटकन बंद होण्याचा प्रकार वेगळा, तो पुढे यूपीएसच्या भागात). हा वेळ महत्त्वाचा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच होत नाही आणि तासाभरात होतंच, तेव्हा उष्णतेचा विचार आधी करायचा.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. गोठलेला पीसी तुम्ही बटण दाबून बंद केलात तरी पुढच्या वेळी तीच नोंद येणार. ती उघडून आत 'बगचेक कोड' (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) पाहा. तिथे शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदवायलाही विंडोजला वेळ मिळाला नाही. शून्य नसेल तर मिनीडंप फोल्डरमध्ये क्रॅशच्या क्षणाची फाइल सापडण्याची शक्यता आहे आणि ती विनडीबीजी या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. त्याहून कामाची, हार्डवेअरच्या चुकांची नोंद म्हणजे 'व्हिया-लॉगर'. तिथे १८ क्रमांक दिसला तर प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरमधली घातक चूक कळवलेली असते. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही; विंडोज मुळात २ सेकंदच वाट पाहतं. 'स्टोअरएनव्हीएमई १२९' म्हणजे एसएसडीला रीसेट करावं लागलं. एवढं वाचायला जमलं नाही तर स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी हिस्ट्री शोधा, तिथे दिवसावार लाल फुल्या दिसतात.

या मशीनमध्ये ४१ सोडून काहीच नव्हतं. बगचेक शून्य, व्हिया नाही, मिनीडंप रिकामं. म्हणून एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम लावून दर २ सेकंदांनी सगळे सेन्सर फाइलमध्ये लिहायला सांगितलं. पीसी गोठला की त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचायच्या. हा उपाय इतका साधा आहे की तो पहिल्याच दिवशी करायला हवा. शेवटच्या ओळींत प्रोसेसर ७४ अंश, ग्राफिक्स कार्ड ७१, त्याचा हॉटस्पॉट (सर्वांत गरम बिंदू) ८४. सगळं ठीक. फक्त रॅमच्या दोन काड्यांपैकी प्रोसेसरकडची ६१ वर. डीडीआर५च्या बहुतेक काड्यांवर तापमानाचा सेन्सर असतो, पण तो आकडा कुणी बघत नाही, कारण आपली सवय प्रोसेसर आणि कार्ड पाहण्याची.

आता खरी मेख. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवलं होतं, चार फेऱ्या, शून्य चुका. त्यामुळे रॅम निर्दोष ठरली होती आणि तिथेच सगळा तपास चुकीच्या वाटेला लागला. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. गेम चालू असताना तेच कार्ड २२० वॉट उष्णता सोडतं आणि तिच्यातली बरीचशी वर, थेट रॅमच्या अंगावर जाते. मेमटेस्टमध्ये काड्या ४६ अंशांवर होत्या, गेममध्ये ६१ वर. म्हणजे गार रॅमची परीक्षा घेऊन गरम रॅमला पासचं प्रमाणपत्र दिलं गेलं.

खरी परीक्षा अशी घ्यायची: विंडोजमध्ये रॅम तपासणारं टेस्टमेम५ अ‍ॅडमिन म्हणून चालू करायचं, त्यात अंता७७७ या वापरकर्त्याने बनवलेलं एक्स्ट्रीम प्रोफाइल, आणि बाजूला छोट्या खिडकीत ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क, म्हणजे कार्ड तापत राहील. कॅबिनेटचं झाकण बंदच ठेवा. उघडून चाचणी केली तर काहीच सिद्ध होत नाही. टेस्टमेम५ फक्त मेमरीच्या चुका मोजतं, त्यामुळे कार्डाचा दोष रॅमवर जायची भीती कमी. पहिली २० मिनिटं सगळं स्वच्छ. काड्या ५७ अंशांच्या वर गेल्यावर पहिली चूक, मग मिनिटभरात आणखी तीन. फरमार्क बंद केलं, तापमान ५१ वर उतरलं, चुका थांबल्या. पुन्हा चालू केलं, पुन्हा आल्या. हे मागेपुढे दोनदा झालं की दोष कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही.

पण ६१ अंश हे काही रॅम मरण्याचं तापमान नाही. मग चुका का? डीडीआर५च्या प्रत्येक पेशीत बिट म्हणजे इवलासा विद्युतभार असतो आणि तो गळत राहतो. गरम झाल्यावर जास्त वेगाने गळतो. म्हणून मेमरी कंट्रोलर ठरावीक वेळाने तो पुन्हा भरतो. या दोन भरण्यांमधल्या अंतराला टीआरईएफआय म्हणतात. प्रमाणित अंतर ३.९ मायक्रोसेकंद, ६००० च्या वेगाला ते साधारण ११,७०० क्लॉक (रॅमच्या घड्याळाचे ठोके) होतं. झेनटायमिंग्ज या छोट्या प्रोग्रॅममध्ये इथला आकडा दिसला ५०,०००, म्हणजे १६ मायक्रोसेकंदांहून जास्त. एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग, चालू करताना त्याच्याच खाली बोर्डाने दिलेला 'मेमरी आणखी वेगवान करा' अशा अर्थाचा पर्यायही चालू केला होता आणि त्याने हे अंतर चौपट केलं होतं. भरणं कमी झालं की रॅमला कामाला जास्त वेळ मिळतो, बेंचमार्क दोन-तीन टक्के वर जातो. गार रॅमला ते झेपतं. मे महिन्यात, खोलीत ३८ अंश असताना, काचेच्या कॅबिनेटमध्ये झेपत नाही. डिसेंबरात असेंबल केलेला पीसी एप्रिलमध्ये गोठायला लागतो, त्याचं एक कारण हे असू शकतं.

डीडीआर५मध्ये चिपच्या आतच ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) असतं, त्यामुळे अशा चुका आपोआप दुरुस्त होतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ते ईसीसी एका मर्यादेपर्यंत चिपच्या आतल्या चुका सावरतं. काडीपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासाला त्याचं संरक्षण नाही, आणि प्रोसेसरला काही बिघडलं हेही कळत नाही. म्हणूनच व्हियामध्ये नोंद नव्हती.

बायोसमध्ये तो वेगवान पर्याय बंद केला, एक्स्पो तसंच ठेवलं, टीआरईएफआय ऑटोवर. समोरची काच काढून जाळीचं पॅनल आणि आत दोन १४० मिमीचे पंखे. वरचा पुढचा पंखा काढून टाकला, कारण समोरून आलेली गार हवा रॅमपर्यंत पोचायच्या आधीच तो बाहेर फेकत होता. काडी आता गेममध्ये ५१-५२ च्या वर जात नाही. टेस्टमेम५ आणि फरमार्क दोन तास एकत्र, शून्य चुका. गेममध्ये गेलेले फ्रेम? सरासरीत तीन-चार. मोजल्याशिवाय कळत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती विसरली जाते. रॅम चुकत असतानाच्या काळात जे काही डिस्कवर लिहिलं गेलं, त्यातलं काहीही बिघडलेलं असू शकतं. रॅम दुरुस्त झाल्यावर विंडोजच्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने चालवा, आणि स्टीममध्ये प्रत्येक मोठ्या गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा. इथे एका गेमच्या ११ फाइल्स पुन्हा उतरवाव्या लागल्या. हे केलं नसतं तर तो गेम पुढेही क्रॅश होत राहिला असता आणि रॅमच्या निदानावरचा विश्वास उडाला असता. फॅमिली फोटो, कामाच्या फाइल्स त्या काळात कॉपी केल्या असतील तर मूळ प्रती अजिबात पुसू नका.

आता यूपीएस. महिन्यातून दोन-तीनदा फटकन बंद होण्याचा प्रकार रॅम सुधारल्यावरही राहिला, आणि तो नेमका वीज लुकलुकली की व्हायचा. सोबत होता ६०० व्हीएचा ऑफिसचा यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉट. गेम चालू असताना हे मशीन भिंतीतून सुमारे ४०० वॉट ओढतं, वर मॉनिटरचे ३५. मेन्सवर असताना यूपीएस नुसता वीज पुढे ढकलतो, त्यामुळे सगळं छान वाटतं. बॅटरीवर आला की ओव्हरलोड होऊन क्षणात हात टेकतो. १५०० व्हीए, ९०० वॉटचा, प्युअर साइनवेव्ह यूपीएस आणल्यापासून हा प्रकार बंद. साइनवेव्हवर पैसे घालणं योग्यच, कारण आजच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज समतोल ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वेव्हवर काही एसएमपीएस बंद पडतात. खरेदी करताना व्हीए बघू नका, वॉट विचारा. दुकानदार व्हीएच सांगतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. दोन ८-पिनचं कार्ड असेल तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल टाका. एकाच केबलची दोन टोकं लावू नका. ड्रायव्हर बदलायचा तर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पूर्ण पुसणारा प्रोग्रॅम) चालवून, नाहीतर विंडोज अपडेट मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं. कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल असेल आणि स्क्रीन काळी होत असेल, तर बायोसमध्ये स्लॉटचा पीसीआय-एक्सप्रेस वेग जेन ४ वरून जेन ३ वर आणून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि महिनाभराची डोकेफोड वाचते.

गेममध्ये ठीक पण ब्राउझर उघडा ठेवून उठलं की गोठतो, अशी तक्रार असेल तर दिशा वेगळी. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी करणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरला उणे ३० देऊन ठेवलं असेल तर ते आधी शून्य करा. भार कमी असताना एखादा कोअर सर्वांत उंच क्लॉकवर उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज कमी पडतं. सगळ्या कोअरवर एकदम भार टाकणारं सिनेबेंच पास होणं हा याचा पुरावा नव्हे; कोअरसायकलर एकेक कोअर वेगळा तपासतो, तो रात्रभर चालवा.

चार काड्या लावायचा मोह आवरा. रायझन ७०००साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन काड्यांना डीडीआर५-५२०० आणि चार काड्यांना ३६०० आहे. खोक्यावर ६००० लिहिलेलं असलं तरी एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकच. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा ६५ वॉट किंवा त्यावरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर वरचं काहीही करण्याआधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर हळूहळू बिघडतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश येत असेल आणि कार्डात मेमरी भरपूर असेल, तर ती खूण ओळखीची आहे. अपडेटनंतरही संदेश येत असेल तर प्रोसेसर बिघडून झालाय, वॉरंटीत द्या.

विंडोज नव्याने टाकणं मात्र शेवटी ठेवा. या मशीनवर ते दोनदा झालं, दोन्ही वेळा रॅम चुकत असतानाच, म्हणजे नवं विंडोजही बिघडलेल्या रॅममधूनच डिस्कवर उतरलं.

आजच्या घडीला एकच कुरबूर उरली आहे. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (रॅमची मागची जुळणी लक्षात ठेवणारी सेटिंग) बंद ठेवल्यामुळे प्रत्येक वेळी रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे ही जुळणी, नव्याने होतं आणि बटण दाबल्यापासून लोगो दिसेपर्यंत ३५ ते ४० सेकंद काळी स्क्रीन असते. त्या वेळी पीसी मेलाय असं समजून बटण दाबू नका, मदरबोर्डवरचा पिवळा डीरॅम दिवा विझेपर्यंत थांबा. जाळीच्या पॅनलमुळे धूळ जास्त येते, तेव्हा पुढचा फिल्टर दर तीन आठवड्यांनी साफ करा. रस्त्यालगतचं घर असेल तर दोनच आठवड्यांनी.