मायक्रोबिट आठ महिने वापरल्यावर: बोर्ड उत्तम, केबल आधी तपासा

मायक्रोबिट म्हणजे मुलांनी प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. गेल्या रविवारी कणकवलीहून पुतण्याचा फोन. "काकानू, बोर्ड मेलेलोच इलो." दिवे लागतात का, विचारलं. लागतात. लॅपटॉपवर दिसतो का? नाही. म्हटलं, बोर्ड जिवंत आहे, केबल बदल. हे एक वाक्य नोव्हेंबरात मला कुणी सांगितलं असतं तर नातीची अख्खी दिवाळीची सुट्टी वाचली असती. म्हणून हे लिहायला बसलो.

बोर्डावर काय काय आहे ते सगळीकडे लिहिलेलं आहे. आमचा व्ही-टू, म्हणजे दुसरी आवृत्ती, स्पीकर आणि मायक्रोफोनवाली. नात पाचवीत, मराठी शाळेत. त्याआधी वर्षभर ती स्क्रॅचवर, म्हणजे मुलांसाठीच्या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या साधनावर, मांजर नाचवायची, गोष्टी करायची. मग एक दिवस म्हणाली, "आजोबा, ह्यां सगळां पडद्यातच रवता." म्हणून मायक्रोबिट मागवला. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०१६ मध्ये याच बोर्डाची पहिली आवृत्ती शाळेतल्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटली होती. आम्हाला पाठवणावळीसकट दोन हजारांच्या आत पडला.

आता केबल. पेटीत सोबत एक काळी केबल होती. लावली, दिवे लागले, आधीपासून भरलेला नमुन्याचा प्रोग्रॅम सुरू झाला. पण लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखा जो 'मायक्रोबिट' दिसायला हवा तो दिसेना. विकणाऱ्याला कळवलं. तो म्हणाला, ड्रायव्हर टाका. मग व्हिडिओ पाठवा. मग तुमचा लॅपटॉप जुना आहे. मग स्वखर्चाने परत पाठवा. शिरोड्याहून कुरिअर करायचं म्हणजे माणसाचा एक दिवस आणि वर पैसे. तीन आठवडे असेच गेले.

मी तीस वर्षं वायरमन होतो. शेवटी ब्लेड घेतलं आणि केबल मधोमध सोलली. आत दोनच तारा, लाल आणि काळी. हिरवी नाही, पांढरी नाही. लाल-काळीतून वीज जाते, हिरव्या-पांढऱ्यातून माहिती. ज्या वस्तूचा सगळा उपयोग मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम आत घालण्यात आहे, तिच्यासोबत नुसत्या चार्जिंगची केबल! खणातल्या जुन्या फोनची केबल लावली आणि दुसऱ्या क्षणाला बोर्ड लॅपटॉपवर दिसला. विकणाऱ्याचं उत्तर आलं, "केबल मोफत होती." शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू, पण त्यापायी मूल तीन आठवडे समजत होतं की आपल्यालाच जमत नाही. याचा राग अजून गेलेला नाही. घेण्याआधी, किंवा घेतल्याबरोबर, त्याच केबलने एखादा फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा. फोटो दिसले तर केबल चांगली. दिसले नाहीत तर बोर्डाला दोष देऊ नका.

त्यानंतरचे महिने मात्र आनंदाचे गेले. मेककोड या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा. ठोकळ्यांवरचे शब्द आम्ही इंग्रजीतच ठेवले आणि आठवडाभरात नातीला रंगांवरून सगळे पाठ झाले. पान एकदा उघडलेलं असलं की नेट गेलं तरी काम चालतं, ही आमच्या भागात फार मोठी सोय. प्रोग्रॅमची हेक्स फाइल, म्हणजे बोर्डात टाकायची फाइल, मात्र वेगळी जपून ठेवा. ब्राउझर साफ केला तर तिथलं काम जातं, पण ती फाइल परत आत ओढली की ठोकळे जसेच्या तसे दिसतात.

अंगणात पिशव्यांमध्ये वेंगुर्ला-४ काजूची कलमं आहेत, त्यांना पाणी घालायचं काम नातीचं. तिने मातीत दोन खिळे रोवले. मगरक्लिपांनी ते बोर्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांना जोडले: एक ३ व्होल्टच्या पट्टीला, दुसरा पी-झिरो या मोजणाऱ्या पट्टीला. ओल असेल तर वीज जास्त वाहते आणि आकडा वाढतो, ० ते १०२३. आमच्या कोरड्या पिशवीत अडीचशेच्या आसपास, पाणी घातल्यावर सातशे. चारशेच्या खाली गेला की बोर्डाच्या दिव्यांवर रडका चेहरा. ती सकाळी उठून आधी चेहरे बघायची.

तीन आठवड्यांत एक खिळा काळा पडून बारीक झाला, दुसरा जवळपास तसाच. इथे माझं मत फिरलं. मी खाऱ्या वाऱ्याला दोष देत होतो, पण वाऱ्याने दोन्ही खिळे सारखेच खाल्ले असते. हा एकच गेला, तो धन बाजूचा, कारण दिवसरात्र वीज वाहत होती आणि अशा वेळी धन बाजूचाच खिळा झिजतो. मग त्या जागी नवा खिळा घेऊन तो ३ व्होल्टऐवजी पी-वन पट्टीला जोडला. मोजताना तेवढा पी-वन १ म्हणजे चालू, मोजून झालं की ० म्हणजे बंद, आणि तासभर थांबायचं. थांबण्याचा आकडा मिलिसेकंदांत असतो. नातीने ३६०० लिहिलं, तर बोर्ड चार सेकंदही थांबेना. पाटीवर ६० गुणिले ६० गुणिले १००० करून ३६,००,००० काढलं तेव्हा जमलं. गुणाकारासाठी असा हट्ट मी तिच्यात याआधी पाहिला नव्हता. तो नवा खिळा अजून चालू आहे.

मे महिन्यात आकडे चढले. तेवढंच पाणी, तरी साडेआठशे. मला वाटलं क्लिपा गंजल्या. नातीने दोन पेले घेतले, एकात विहिरीचं पाणी, एकात नळाचं. विहिरीच्या पाण्याचा आकडा खूपच जास्त. उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ होते, आणि पाण्यात मीठ वाढलं की वीजही जास्त वाहते. हे तिने स्वतः शोधलं आणि चारशेची मर्यादा वाढवली. या एका दुपारीत माझे पैसे वसूल झाले.

तक्रारी किरकोळ आहेत. सेलच्या डबीतल्या पत्र्यांवर पावसाळ्यात गंज चढतो. महिन्यातून एकदा पॉलिश पेपर मारावा लागतो आणि वापर नसताना सेल काढून ठेवावे लागतात. मगरक्लिपांचं तेच. बोर्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे मात्र अजून चकचकीत आहेत. पावसात सगळं बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

पुतण्याला त्याची केबल सोलायला सांगितली होती. काल त्याने फोटो पाठवला. आत दोनच तारा, लाल आणि काळी. चांगली केबल आज सकाळच्या एसटीने कणकवलीला पाठवली आहे.