आधी ‘झिगी’ ऐकायचा की ‘इलेक्ट्रिक वॉरियर’?

माझी भाची चॅपल रोन या अमेरिकन पॉप गायिकेच्या पार प्रेमात आहे. ‘द राइज अँड फॉल ऑफ अ मिडवेस्ट प्रिन्सेस’ (२०२३) हा रोनचा अल्बम तिला तोंडपाठ. या नावाची ठेवण थेट ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’ची आहे, हे कळल्यापासून तिचा एकच धोशा: “मामा, ग्लॅम रॉक कुठून सुरू करू? एकच अल्बम सांग.”

ग्लॅम रॉक म्हणजे सत्तरच्या दशकातलं, चमचमत्या वेशातलं नाटकी रॉक. एकच म्हटलं तर उमेदवार दोन. टी. रेक्स या ब्रिटिश बँडचा ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ (१९७१) आणि बोवीचा ‘झिगी’ (१९७२). टी. रेक्सचा गायक मार्क बोलान आणि बोवी, दोघेही १९४७ साली लंडनमध्ये जन्मलेले. दोन्ही अल्बममध्ये ११ गाणी, दोन्ही ४० मिनिटांच्या आत संपतात. साम्य इथवरच.

बोवीने एक पात्र उभं केलं आणि त्या पात्राकडून गाऊन घेतलं. झिगी लाल केसांचा, परग्रहावरून आल्यासारखा. ३ जुलै १९७३ला हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावरच बोवीने त्याला निरोप दिला. अल्बमची सुरुवात ऐका: ‘फाइव्ह इयर्स’मध्ये आधी नुसता ड्रम, दुरून चालत आल्यासारखा. मग जगाची पाचच वर्षं उरल्याची बातमी, बोलल्यासारख्या आवाजात. शेवटी तोच माणूस ओरडत असतो. एकांकिकाच म्हणा ना.

आजच्या पॉपने उचललं ते हे नाटक. ‘जस्ट डान्स’च्या (२००८) व्हिडिओत लेडी गागाच्या गालावरची वीज बोवीच्या ‘अलॅडिन सेन’ अल्बमच्या (१९७३) मुखपृष्ठावरची. चॅपल रोनही केली अ‍ॅमस्टट्झने (हे तिचं खरं नाव) रंगवलेलं पात्रच. तिचं स्वतःचं म्हणणं, हे ड्रॅग आहे, म्हणजे भडक वेश-मेकअप करून दुसरंच पात्र वठवणं. पण डोळे मिटून ऐकलं तर तिच्या गाण्यांत सत्तरच्या दशकातली गिटार जवळपास नाहीच, सगळा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड). ग्लॅम आहे तो कपड्यांत.

बोलानचं उलट. १९७१च्या मार्चमध्ये गालांवर चमकी लावून तो बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात आला आणि ग्लॅमची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात, पण त्याची खरी मिळकत ठेका आहे. ‘जीपस्टर’ लावा. एका ठोक्याचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, की तो लंगडत, झुलत चालतो. या चालीचे वंशज आज पॉपमध्ये जागोजागी आहेत: गोल्डफ्रॅपचं ‘ऊ ला ला’ (२००५), केटी पेरीचं ‘आय किस्ड अ गर्ल’ (२००८). ऐकणाऱ्याला बोलानचं नाव ठाऊक नसतं, पायाला मात्र ओळख पटते.

त्याच्या शब्दांत अर्थ शोधायला जाऊ नये. ‘गेट इट ऑन’मध्ये प्रेयसीच्या डोक्यामागे गाडीच्या चाकाच्या झाकणाची प्रभावळ आहे! बोवीच्या शब्दांवर विचार करत बसता येतं. बोलानच्या शब्दांवर फक्त हसता येतं, आणि तेही काही कमी नाही. बोवी क्रमाने, एका बैठकीत ऐकायचा. बोलान भांडी घासतानाही चालतो.

(तिसरी वाटही आहे, आपल्या पाचगणीतून जाणारी. तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा पुढे क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. गागाचं नाव क्वीनच्या ‘रेडिओ गा गा’वरून, आणि तिच्या ‘यू अँड आय’मध्ये (२०११) गिटार क्वीनच्या ब्रायन मेची. पण क्वीनचा पसारा ग्लॅमपुरता नाही, म्हणून यादीबाहेर.)

तुम्ही शब्दांचे, गोष्टीचे भुकेले असाल तर ‘झिगी’ घ्या, पस्तावणार नाही. भाचीला मात्र मी ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ दिला. बोवीची वेशभूषा तिच्या मोबाइलवर रोज येते; तो ठेका कुणाचा, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘जीपस्टर’ला पाय थांबत नाहीत, पण ‘प्लॅनेट क्वीन’ रटाळ आहे.

तेही खरंच आहे.