कृष्णा अय्यरांवरचा रेकॉर्डेड कोर्स, 799 ला घ्यावा का? (3 स्टार)

जेएमएफसीची (मॅजिस्ट्रेट भरतीची परीक्षा) तयारी चालूये, त्यात एका ऑनलाइन क्लासचा (नाव नाही लिहीत, उगाच वाद नको) जस्टिस व्ही. आर. कृष्णा अय्यर यांच्यावरचा कोर्स घेतला. पहिली दोन लेक्चर्स पैसा वसूल. थलसेरीची वकिली, कम्युनिस्टांना मदत केल्याच्या आरोपावरून 1948 ला जवळपास महिनाभर जेल, 1952 ला मद्रास विधानसभेत आमदार, मग 1957 ला केरळात नंबूदिरीपाद सरकारात मंत्री आणि खाती बघा, कायदा, गृह, पाटबंधारे, वीज, वर तुरुंगसुद्धा! 1959 ला सरकार बरखास्त, परत काळा कोट, 1968 ला केरळ हायकोर्ट, 1973 ला सुप्रीम कोर्ट. सर हे सगळं गोष्टीसारखं सांगतात, बघता बघता जेवण राहिलं माझं.

पुढे मात्र सगळा जोर 24 जून 1975 वर. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केलेली, त्यावर स्टे मागायला त्या सुप्रीम कोर्टात. अय्यर व्हेकेशन जज (कोर्टाच्या सुट्टीत तातडीची कामं बघणारे) म्हणून एकटे बसलेले, इंदिराजींकडून वकील पालखीवाला, आणि ऑर्डर अशी की पंतप्रधान राहा, संसदेत बसा पण मत देता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी रात्री आणीबाणी. भारीच आहे पण त्यावर दीड तास? आणि जेलवरची जजमेंट्स दहा मिनिटांत गुंडाळली! अहो जो माणूस स्वतः आत राहून आला, नंतर तुरुंगमंत्री झाला, त्याच्यासमोर तिहारमधून सुनील बात्रा या कैद्याचं पत्र येतं, दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल, आणि ते पत्रच पिटिशन म्हणून घेतात, हा धागा सरांना दिसलाच नाही का? मोतीरामची जामिनाची केस (1978) तर फक्त स्लाइडवर. गवंडी माणूस, मॅजिस्ट्रेटने 10,000 चा जामीनदार मागितला, भाऊ जामीन राहायला तयार तर म्हणे मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, चालणार नाही. अय्यरांनी 1,000 च्या स्वतःच्या बाँडवर सोडलं. हे मला मूळ जजमेंट उघडून वाचावं लागलं.

आपल्या मुंबईची केस तर गायबच, मुंबई कामगार सभा (1976), नागदेवीच्या हार्डवेअर दुकानांतल्या कामगारांच्या बोनसची. पीआयएल (जनहित याचिका) शिकताना लोकस स्टँडायसाठी (म्हणजे कोर्टात दाद मागायचा हक्क कोणाला) ही लागतेच ना.

नोट्समध्ये टायपो भरपूर, डाउट सेशन दोनदा कॅन्सल. सेलमध्ये 400 च्या आत मिळाला तर पहिल्या दोन लेक्चर्ससाठी घ्या. बाकी जजमेंट्स फुकट वाचायला मिळतात, फक्त शेजारी डिक्शनरी ठेवा, साहेबांचं इंग्रजी लय जड.