पाटणादेवी रोडचं आकाशदर्शन : सोय सुमार, सर झकास

जानेवारीच्या अमावस्येला चाळीसगावच्या पुढे पाटणादेवी रस्त्यावर एका शेतात रात्रभराचं आकाशदर्शन केलं, माणशी ७०० रुपये, जेवण धरून. साडेतीन स्टार देतोय, त्यातला दीड नुसता एका उत्तराचा.

आधी रडगाणं उरकतो. दुर्बिणी दोनच आणि पब्लिक पन्नासच्या वर, रांगेतच पाय गारठले, त्यात कोणी ना कोणी मोबाइलचा टॉर्च लावायचंच की परत अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं. भास्कराचार्यांवर अर्धा तास स्लाइड शो, पण पाटणच्या शिलालेखाची गोष्ट चाळीसगाववाल्यांना पाठ आहे ना भो! भरीत आणि कळण्याची भाकर मात्र एक नंबर.

आता मेन गोष्ट. क्रॅब नेब्युला दाखवताना सर म्हणाले, हा फुटलेल्या ताऱ्याचा ढग, स्फोट १०५४ साली दिसला, मधोमध न्यूट्रॉन तारा, म्हणजे त्या ताऱ्याचा उरलेला घट्ट दाबलेला गाभा आहे, सूर्यापेक्षा जड पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा. रांगेतल्या एका मुलीने विचारलं, सर हे एकटेच असतात का, घोळक्याने नाही राहत? दुसरा असता तर 'चला पुढे' म्हटला असता. यांनी दुर्बीणच वळवली, खाली दक्षिणेला कपोत तारकासमूहात, एनजीसी १८५१ हा गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे लाखो ताऱ्यांचा गच्च गोळा. दिसतो कापसाच्या बोळ्यासारखा, पण आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने २००४ मध्ये त्यात पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणारा न्यूट्रॉन तारा सापडवला, सेकंदाला दोनशे गिरक्या!

मग सांगितलं की स्फोटात न्यूट्रॉन ताऱ्याला सेकंदाला शेकडो किलोमीटरचा धक्का बसू शकतो आणि गुच्छातून निसटायला सेकंदाला पन्नासेक किलोमीटरही पुरतात, म्हणून बरेच बाहेर फेकले जातात. ज्यांना धक्का कमी बसला ते राहतात, जड असल्याने हळूहळू मध्याकडे सरकतात, तिथल्या गर्दीत जोडीदार मिळतो आणि त्याचं द्रव्य ओढून ओढून गिरकी वाढते. टेरझान ५ या दुसऱ्या गुच्छात तर २०२४ पर्यंत ४९ पल्सार मिळालेत. पण नुसत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचाच गुच्छ आजवर दिसलेला नाही, लाखो साध्या ताऱ्यांत हे मूठभर, हेही स्पष्ट बोलले. ४७ टुकानी या आणखी एका गुच्छाचं नाव निघालं, पण तो खान्देशातून क्षितिजावर येतच नाही, मग फोटोवर भागवलं.

जाणार असाल तर कानटोपी आणि स्वतःची सतरंजी न्या, तिथल्या दवाने ओल्याचिंब असतात. आणि बुकिंगआधी बॅच कितीची ते विचारा, तीसच्या वर सांगितलं तर सरळ पुढची अमावस्या धरा.