एचसीपी, सीओएफ की अमाइन: प्रोजेक्टला कुठला पॉलिमर घ्यावा?

कार्बन डायऑक्साइड पकडणारा सच्छिद्र पॉलिमर करायचा म्हटलं की मुलं आधी सरफेस एरिया, म्हणजे ग्रॅमभर पुडीच्या छिद्रांसकटचं पृष्ठफळ, विचारतात. मी उलट विचारतो, वायू कुठला? कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो, हवेत जेमतेम ०.०४. अर्धी निवड इथेच होते.

धूर असेल आणि हाताशी वर्षच असेल, तर हायपरक्रॉसलिंक्ड पॉलिमर, म्हणजे एचसीपी. बेन्झिनचं कडं असलेलं एखादं स्वस्त संयुग, जोडणीला फॉर्माल्डिहाइड डायमिथाइल असिटल, वर उत्प्रेरक म्हणून फेरिक क्लोराइड. डायक्लोरोइथेनमध्ये ८० अंशांवर रात्रभर. सकाळी फ्लास्कमध्ये तपकिरी गोळा. मग सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण, लावून मिथेनॉलने धूत बसायचं, खाली उतरणारं मिथेनॉल पिवळं दिसायचं थांबेपर्यंत. इथे घाई केली की लोखंड छिद्रांत अडकतं आणि आकडे फसतात. आमचे फसलेत. रचना वेडीवाकडी, पण पाण्याला दाद देत नाही.

सीओएफ, म्हणजे कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, स्फटिकासारख्या नियमित जाळीचे पॉलिमर, देखणे. छिद्रं एकसारखी, माप आधीच ठरवता येतं. २००५ मध्ये ओमर याघींच्या गटाने केलेल्या पहिल्या सीओएफमधले बोरॉनचे बंध मात्र पाण्याने सुटत, आणि धुरात वाफ असतेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) राहुल बॅनर्जींच्या गटाने २०१२ मध्ये उकळत्या पाण्यातही टिकणारा सीओएफ केला. पुढच्या वर्षी तोच खलात घोटून दाखवला. पूड आधी पिवळी, मग नारिंगी, शेवटी गडद लाल! पण कच्चा माल महाग, आणि स्फटिक जमेनात तर सेमिस्टर गेलं.

हवेतूनच पकडायचा असेल तर अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेला गट, घ्या. नुसतं छिद्र वायूला सैल धरतं. अमाइन त्याच्याशी कार्बामेट बनवून घट्ट धरतं. २०१२ मध्ये टेक्सस ए अँड एममध्ये पीपीएन-६ या पॉलिमरवर अमाइन बसवलं, तेव्हा सरफेस एरिया ग्रॅममागे ४,००० चौरस मीटरवरून ५५५ वर आला, पण कार्बन डायऑक्साइड सुमारे तिप्पट धरला गेला. म्हणून सरफेस एरियाचा आकडा मी शेवटी बघतो. बदल्यात वायू सोडवायला तापवावं लागतं, आणि गरम असताना ऑक्सिजन लागला की अमाइन खराब होतं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सीओएफ-९९९ मध्ये अमाइन छिद्रांतच वाढवलंय. ६० अंशांवर वायू सुटतो. मोह होतो, पण एका वर्षाच्या प्रोजेक्टला तो घेऊ नका. एचसीपी करा, त्यावर अमाइन चढवा आणि साधा व अमाइन चढवलेला, दोन्ही ओल्या वायूवर मोजा.