नायट्रो काढून ब्रशलेस टाकली, त्याला अकरा महिने झाले

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेजारच्या काकू गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "काय रे, आज तुझी गिरणी बंद?" माझा रिमोटवर चालणारा ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोरून दोनदा गेला होता, पण इंजिनाची घरघर नव्हती. त्यांना वाटलं, मी नुसताच ढकलतोय.

गाडी १/८ मापाची ट्रगी. बग्गीचा सांगाडा आणि ट्रकची मोठी चाकं. मूळ इंजिन २१ चं, म्हणजे ०.२१ घन इंच, साधारण साडेतीन सीसी. चार वर्षं नायट्रोवर, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या फ्युएलवरच्या इंजिनावर चालवली आणि मनापासून चालवली, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नायट्रोवाले म्हणतील ह्याला नीडल, म्हणजे इंजिनात फ्युएल किती जावं ते ठरवणारी सुई, सेट करता येत नव्हती. येत होती. पण रत्नागिरीच्या हवेत ती सेट केलेली राहत नव्हती. हवा गरम आणि दमट झाली की तिच्यातला ऑक्सिजन कमी होतो, मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल जास्त; सकाळी सातला गुणगुणणारं इंजिन अकरा वाजता गुदमरायला लागायचं. त्यात फ्युएलमधलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कॅन एकदा उघडला की संपवायची घाई. संध्याकाळी इंजिनात तेल सोडून फिरवून ठेवलं नाही तर पुढच्या आठवड्यात बेअरिंगला गंज. फ्युएल कधी मिळायचं, कधी दोन-दोन महिने पार्सलवाले हातच लावायचे नाहीत. रविवारचे तीन तास मोकळे, त्यात गाडी पळणार चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ मी इंजिन सुरू करायची दोरी ओढतोय आणि फ्युएल पेटवणारा ग्लो प्लग बदलतोय.

म्हणून ही उचापत. विजेची ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर घेतली ४२७४ मापाची, म्हणजे ४२ मिलिमीटर जाड, ७४ लांब, सेन्सर नसलेली, २००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा, १५० अँपिअरचा. बॅटरी २एस (दोन सेलच्या), ५००० एमएएचच्या दोन, सिरीजमध्ये जोडून ४एस, १४.८ व्होल्ट. केव्ही निवडताना दुकानातल्या मुलाचं ऐकलं नाही हे बरं झालं. २००० गुणिले १४.८ म्हणजे २९,६०० फेरे, तेही लोड नसताना. जुनं इंजिनही तिसेक हजारांपर्यंत जायचं. त्यामुळे सांगाड्यातले डिफ (चाकांमध्ये जोर वाटून देणारे डिफरन्शियल), शाफ्ट, बेअरिंग ज्या वेगाला बनलेत त्याच वेगात राहतात. तो मुलगा ३००० केव्ही घ्या म्हणत होता. ४एसवर तेवढी लावली असती तर आज ही गाडी सुट्या भागांत असती.

इंजिन, टाकी, पाइप, थ्रॉटलचा सर्व्हो, सेंटर डिफवरचा डिस्क ब्रेक, रिमोटचे इशारे घेणाऱ्या रिसीव्हरची वेगळी बॅटरी, सगळं निघालं. रिसीव्हरला वीज आता ईएससीच देतो. मोटरचा माउंट मात्र तयार मिळेना. मिरकरवाड्याकडे होड्यांची कामं करणारा एक लेथवाला आहे, त्याच्याकडून सहा मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटचा करून घेतला. जुन्या इंजिनाच्याच चार भोकांत बसेल असा. मोटर मागेपुढे सरकवता यावी म्हणून दोन लांबट खाचा. "होडीच्या शाफ्टाला मला चष्मा लागत नाय, तुमच्या ह्या बारक्याला लागतो," म्हणाला आणि पैसे मात्र होडीचे घेतले.

तिसऱ्याच रविवारी सुपारी कातरल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली. बॉडी उचलली तर माउंटचे स्क्रू ढिले, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मागे सरकलेला आणि तो ज्याला फिरवतो त्या प्लॅस्टिकच्या मोठ्या स्पर गिअरचे निम्मे दात चेसिसवर सांडलेले. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावतात ते थ्रेडलॉक लावलं होतं! मग लागलं कसं नाही? बोट फिरवलं तेव्हा समजलं. नायट्रोच्या फ्युएलमध्ये एरंडेल असतं, आणि चार वर्षांचं एरंडेल त्या भोकांमध्ये मुरलेलं. तेलावर थ्रेडलॉक धरत नाही. आता भोकं पेट्रोलने धुऊन, वाळवून मगच स्क्रू लावले, गेले दहा महिने हललेले नाहीत. जुन्या नायट्रो सांगाड्यावर हे काम करणार असाल तर बाकी काही विसरा, एवढं विसरू नका. स्पर आता स्टीलचा आहे. पिनियन लावताना दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालतो, घट्ट दाबून स्क्रू आवळतो, मग पट्टी फिरवून काढतो. तेवढी फट पुरते.

चालवण्यात फरक काय? इंजिन जोर साठवत साठवत देतं, मोटर पहिल्या क्षणीच सगळा देते. सुरुवातीला रिमोटचा ट्रिगर दाबला की पुढची चाकं हवेत गरगर आणि मागची ढिम्म. सेंटर डिफमधलं ७,००० चं तेल काढून ३०,००० चं, म्हणजे बरंच दाट, भरलं, तेव्हा चारी चाकं कामाला लागली. पण खरं सुख रिव्हर्सचं. नायट्रोला रिव्हर्स नव्हता. गाडी गडग्याला थडकली, करवंदीत घुसली की चालत जाऊन, टोचून घेऊन, काढून आणायची. चार वर्षांत मी कातळाच्या सड्यावर किती किलोमीटर चाललो असेन! आता ट्रिगर पुढे ढकलला की स्वारी मागे. आईच्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल, कारण ओरखडलेले हात तिला बघवायचे नाहीत.

कातळावर एका चार्जात चौदा-पंधरा मिनिटं मिळतात, वाळूत नऊ. वाळूत मोटर तापते. १३ दातांच्या पिनियनवर भाट्याच्या किनाऱ्यावर लेझर थर्मामीटरने ९६ अंश दाखवले, तेव्हा मी गाडी सावलीत ठेवून घामाघूम बसलो होतो. उष्णतेने मोटरचे मॅग्नेट कायमचे दुबळे होतात. ११ दातांचा लावला, आता पंचाहत्तरीच्या आत राहते. टॉप स्पीड गेला थोडा. किनाऱ्यावर कुणाला हवाय?

मांडवीच्या किनाऱ्यावर मात्र एकदाच नेली आणि पुन्हा नेणार नाही. तिथली वाळू काळसर. आपल्या ह्या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, लहानपणी स्पीकर फोडून काढलेलं लोहचुंबक त्यात फिरवून आम्ही 'लोखंड' गोळा करायचो. हे मला माहीत असून मी आत जोरदार मॅग्नेट असलेली वस्तू त्यात अर्धा तास लोळवली. घरी मोटर हाताने फिरवली तर आत खरखर. उघडली. वायरी निघतात तिथल्या फटीतून बारीक काळी पूड आत गेलेली, आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा मॅग्नेट, बाहेर काढला तर त्याला अक्षरशः दाढी आलेली, केस न् केस उभे. फडक्याने पुसलं की पूड एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला चिकटते. फुंकर मारून तर हसूच आलं. शेवटी आईने पोळ्यांच्या परातीतून कणकेचा एक गोळा तोडून हातात ठेवला. त्याने टिपत गेलो, गोळा राखाडी झाला, दुसरा घेतला. राहिलेली चिकटपट्टीने. दोन तास गेले, बेअरिंग बदलावी लागली. फट आता सिलिकॉनने बुजवली आहे.

खाऱ्या हवेने काय खाल्लं ते थोडक्यात. ईएससी वॉटरप्रूफ आहे आणि पावसात खरंच टिकला, पण त्याच्यावरचा पंखा नव्हता, ऑगस्टमध्ये जाम. बॅटरीचे कनेक्टर कळकले, पितळेच्या तांब्यावर चढतो तसा हिरवा थर. चाकांच्या ८×१६×५ च्या बेअरिंगचा एक अख्खा सेट गेला. भाट्याहून आलो की आता आधी गोड्या पाण्याने धुणं, मग तेल. म्हणजे इंजिनाची साफसफाई सुटली म्हणून जो वेळ वाचणार होता त्यातला थोडा परत गेलाच.

बॅटरीची शिस्त हा वेगळाच संसार. शनिवारी रात्री दोन्ही फुल्ल भरून ठेवल्या, रविवारी जो पाऊस लागला तो पंधरा दिवस. फुल्ल म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट. ठेवायच्या असतील तर ३.८ वर आणून ठेवायच्या, हे वाचलेलं होतं, केलं नाही. एक फुगून पुरणपोळीसारखी टम्म. हॅलोजनचा बल्ब लावून अंगणात उतरवली आणि ई-कचऱ्यात दिली. चार्जिंग मातीच्या मोठ्या कुंडीत, पाच अँपिअरवर, मी समोर बसलेला असतानाच.

नायट्रोची आठवण एकदाच झाली, गणपतीत. मुंबईहून सगळी भावंडं आलेली, अंगणात पोरांची रांग, "दादा, आता मी," आणि वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. दोन्ही पॅक पहिल्या अर्ध्या तासात संपलेले. टाकी भरून दोरी ओढली असती तर पोरं रात्रीपर्यंत खेळली असती. शिवाय त्या धुराचा वास. काकूंना विचारू नका, पण मला आवडायचा.

खर्च मोटर, ईएससी, दोन बॅटऱ्या, चार्जर, माउंट आणि माझ्या चुका धरून तीस हजारांच्या आसपास. त्यात चुकांचे पाचेक हजार असावेत. ज्याची नायट्रो गाडी आधीच घरात आहे आणि सांगाडा ठणठणीत आहे त्याने करावं. मुळापासून सुरुवात करणाऱ्याने सरळ इलेक्ट्रिकच घ्यावी, लेथवाल्याच्या फेऱ्या वाचतील.

आत्ता गाडीत ११ चा पिनियन, ४६ चा स्टीलचा स्पर, सेंटर डिफमध्ये ३०,०००, ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका किती द्यायचा ती सेटिंग) मधल्या पायरीवर, कारण वरच्या पायरीवर मागचे ड्राइव्ह कप, म्हणजे चाकांकडचे शाफ्ट ज्यांत बसतात त्या वाट्या, झिजायला लागले होते. कटऑफ, म्हणजे बॅटरी जिथवर उतरली की ईएससी मोटर थांबवतो, सेलला ३.४ व्होल्ट. पुढचा डिफ पावसाळ्यानंतर उघडलेला नाही. वळताना तिथून कट्‌कट् येतं. येत्या रविवारी बघतो.