मदरबोर्डवरचे बरेचसे आरोप मागे घेतोय: बी६५०, आठ महिन्यांनंतर

दिवाळीत जुळवलेल्या पीसीला आता आठ महिने होतील. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर (सीपीयू), बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड), डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). सगळं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकाच फेरीत घेतलं आणि पुण्याला येताना गाडीत बोर्डाचा खोका मांडीवर धरून बसलो. बोर्डाच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. तिला मी चार महिने पुरेशा शिव्या घातल्यात.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. सुरू होताना बोर्ड एकेक भाग तपासत जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटलेला राहतो. माझा डीरॅमचा पिवळा दिवा हटेना. अर्ध्या मिनिटात बंद केलं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं पाचदा. हा निव्वळ उतावळेपणा होता. एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे सीपीयू बसतो ती जागा) बोर्डाला पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी सूर जुळवायला काही मिनिटं लागतात, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि मध्ये बंद केलं की सगळं पहिल्यापासून.

शेवटी चहा टाकायला गेलो. पंधरा मिनिटांनी आलो तरी दिवा पिवळाच! मग खरी चूक दिसली. मी पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये लावल्या होत्या. दोनच पट्ट्या असतील तर सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. शिवाय एक पट्टी एका टोकाला केसभर वर राहिली होती. या बोर्डाला खटका एकाच टोकाला आहे, दुसऱ्या टोकाला अंगठ्यानं चांगला जोर द्यावा लागतो. नीट बसवल्यावर तीनेक मिनिटांत बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) उघडला.

रॅम ६००० च्या वेगाची घेतली असली तरी ती आपोआप ४८०० वर चालते. पूर्ण वेग हवा तर बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल चालू करावं लागतं. केलं, आणि दोन-तीन दिवसांआड पीसी स्वतःहून रिस्टार्ट व्हायला लागला. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला, सकाळी चुकांच्या लाल ओळी. एकेक पट्टी वेगळी तपासली तर दोन्ही स्वच्छ. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असावा, बायोस जुना होता. नवा टाकल्यावर रात्रभराच्या चाचणीत शून्य चुका. ज्यांच्या बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस टाकायचं) बटण आहे त्यांनी फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच ठेवा आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. मी शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. नावात एक्स३डी असलेला सीपीयू असेल तर जुना बायोस ठेवूच नका. २०२३ मध्ये असे काही सीपीयू जळाले, तेव्हा एएमडीनं सीपीयूमधल्या एसओसी भागाच्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती नव्या बायोसमधूनच येते.

इथपर्यंत सगळं नेहमीचं. खरा छळ डिसेंबरात सुरू झाला. कीबोर्ड, माउस आणि बाहेरची हार्डडिस्क अधूनमधून तुटायची. 'टुडुंग' असा आवाज, दोन सेकंदांनी पुन्हा जोडणी. पोर्ट बदलले, केबल बदलल्या, चिपसेट ड्रायव्हर, विंडोज नव्यानं. बोर्डच सदोष, असं ठरवून सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे सॉकेटवरची, पिना झाकणारी प्लास्टिकची टोपी मागितली. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, वाकलेल्या निघाल्या तर वॉरंटी नाकारतात. माझी टोपी सापडली, कारण आईनं खोका थर्माकोलसकट माळ्यावर ठेवला होता. मी तो रद्दीत देणार होतो.

तीन दिवसांनी बोर्ड परत: कोणताही दोष आढळला नाही. घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी टुडुंग.

वैतागून वहीत वेळा लिहायला लागलो. दोन आठवड्यांत चित्र दिसलं: बहुतेक नोंदी सकाळी आठच्या आगेमागे आणि संध्याकाळी सातला. म्हणजे आईचा मिक्सर. चटणी वाटली की माझा कीबोर्ड गेला. आणि मग आठवलं, ती कधीपासून सांगत होती की पीसीचं कॅबिनेट पुसताना हाताला मुंग्या येतात. मी म्हणायचो, "अगं, थंडीत होतं तसं."

वायरमनदादा आले, मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये तेवढेच दिसायला हवेत, पण आकडा नुसता भटकत होता. भिंतीवरच्या स्विचबोर्डाची पट्टी उघडली तर हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. "तिसरं भोक शोभेचं होतं, साहेब." एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं, आणि मिक्सरच्या मोटरचा गोंगाटही धड गाळला जात नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये अर्थिंग ठणठणीत असणार, तिथे बोर्ड शहाण्यासारखा वागणारच. इमारतीची अर्थिंगची लाइन शाबूत होती म्हणून काम मजुरीचे ३५० रुपये आणि वीस मिनिटांत झालं. हे स्वतः करू नका. मार्चपासून एकदाही टुडुंग नाही.

बोर्डाचा म्हणावा असा दोष एकच निघाला. मे महिन्यात बँकेची साइट उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेटची तक्रार. पाहतो तर घड्याळ मागच्या सालात. आमच्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे, आणि वीज पूर्ण बंद असली की घड्याळ बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलवर चालतं. नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वरच असतो, हा २.५ वर आलेला. चाळीस रुपयांचा सेल बदलला. नव्या बोर्डात असा मेलेला सेल यावा याचा राग अजून आहे, आणि तो ग्राफिक्स कार्डाखाली दडवून ठेवल्याचा जास्त.

बाकी बोर्ड उत्तम चालतोय. चालू व्हायला वेळ घेतो, पण बायोसमधली मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर ही सेटिंग चालू केल्यापासून दर वेळी ट्रेनिंग होत नाही, त्यामुळे तोही कमी झालाय. आई मात्र अजून कॅबिनेट पुसायच्या आधी म्हणते, "तू हात लाव बघू."